लसींचा फ्रिज आणि स्वतःचा सर्किट बोर्ड

बालरोगतज्ज्ञाने इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डाविषयी लिहावे, हे वाचकांना कदाचित विसंगत वाटेल. परंतु माझ्या या छंदाला खरे वळण मिळाले ते बाजव्यातील दवाखान्याच्या लसींच्या फ्रिजमुळे.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस उष्णतेने निकामी होते, तर त्रिगुणी व हिपॅटायटिस-बीची लस गोठल्यास कायमची बिघडते. बाटलीकडे पाहून ते दरवेळी कळतेच असे नाही. म्हणून तापमान मर्यादेबाहेर जाताच वाजणारी एक घंटी मी तयार केली. डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर, बझर आणि बॅटरी, एवढाच तिचा संसार. जनरल पर्पज बोर्डावर वायरी जोडून मी ती उभी केली होती.

उन्हाळ्यातील एका रात्री वीज गेली. नेमका त्याच वेळी सोल्डरचा एक डाग सुटलेला असल्याने घंटी मुकी राहिली. सकाळी तापमापक १४ अंश दाखवीत होता. त्या लसी मी टाकून दिल्या. पैशांचे दुःख नव्हते; पण वीज मध्यरात्रीच परत आली असती, तर सकाळी तापमापक ५ अंश दाखविता आणि त्याच लसी मी निःशंकपणे बाळांना टोचल्या असत्या, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

तेव्हा ठरविले की बोर्ड छापूनच घ्यावयाचा. छापील सर्किटचा आरंभ व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये केला. तत्त्व सोपे आहे. काचतंतू व इपॉक्सी यांच्या साधारण १.६ मिलिमीटर जाड पत्र्यावर ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा थर असतो. नको असलेले तांबे रसायनाने विरघळविले की उरलेल्या रेषाच वायरींचे काम करतात. मग सुटण्यासाठी वायरच उरत नाही.

घरी फेरिक क्लोराईड वापरून हे करता येते. मीही केले आहे. मात्र त्याचे डाग निघत नाहीत आणि तांबेयुक्त द्रावण मोरीत ओतणे योग्य नव्हे. त्यापेक्षा कारखान्याकडून करवून घेणे बरे. आपल्या गांधीनगरच्या इलेक्ट्रॉनिक वसाहतीतही असे कारखाने आहेत.

आपल्याकडून त्यांना हवी असते ती अचूक फाईल. कायकॅड हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. प्रथम सर्किटची आकृती काढावी, मग प्रत्येक भागाचा पदठसा, म्हणजे त्याच्या पायांची जागा, निवडावी आणि शेवटी रेषा आखाव्यात. संदेशाच्या रेषेला पाव मिलिमीटर रुंदी चालते. विद्युतपुरवठ्याची रेषा एक मिलिमीटर ठेवावी. सॉफ्टवेअरकडून नियमतपासणी करून घेतल्यावर गर्बर फाईली तयार होतात. वरचे तांबे, खालचे तांबे, हिरवा लेप, पांढरी अक्षरे यांची प्रत्येकी एक फाईल असते, आणि भोकांची वेगळी. क्ष-किरण चित्र पाहावे तशी प्रत्येक फाईल पाठविण्यापूर्वी निरखावी.

येथे माझा अनुभव सांगतो. पहिल्या बोर्डात ट्रान्झिस्टरचे पाय उलट क्रमाने आले. चूक कारखान्याची नव्हती. मी उत्पादकाचा माहितीतक्ता न पाहता अंदाजाने पदठसा निवडला होता. तेव्हापासून मी दोन पथ्ये पाळतो : पायांचा क्रम तक्त्यावरून पडताळणे, आणि आराखडा मूळ आकारात कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून पाहणे. पाच-दहा प्रती एकत्र करून घेतल्यास प्रत्येकीचा खर्चही बराच उतरतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा देणे कर्तव्य समजतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. ते मुख्यतः हातांवाटे तोंडात जाते, म्हणून काम संपताच साबणाने हात धुवावेत व लहान मुलांना टेबलापासून दूर ठेवावे. फ्लक्सच्या धुराने दमा बळावतो. खोली हवेशीर हवी. शिसेविरहित सोल्डरही मिळते.

नवा बोर्ड आता फ्रिजवर बसविला आहे. दर महिन्याला सेन्सर मुद्दाम तळहातात धरून मी घंटी वाजते की नाही ते पाहतो. तरीही दिवसातून दोनदा तापमापक पाहून नोंदवहीत आकडा लिहिण्याचा नेम मोडलेला नाही. घंटी ही मदतनीस आहे, पर्याय नव्हे.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच बडोद्यात कलाभवन स्थापून हस्तकौशल्याला विद्येचा मान दिला. त्या नगरीच्या आसऱ्याने राहणाऱ्या आपण डॉक्टरांनी अधूनमधून सोल्डरिंगची कानस-पक्कड हाती घ्यावयास काय हरकत आहे? ज्या सहकाऱ्यांना फ्रिजसाठी ही घंटी हवी असेल, त्यांच्यासाठी माझ्याकडे काही बोर्ड शिल्लक आहेत. डाग मात्र त्यांनी स्वतःच द्यावेत.