विश्लेषण : दातांवर 'व्हिनीअर' बसवताय? घासलेले इनॅमल परत येत नाही, म्हणून आधी हे समजून घ्या

लग्न ठरले की कपडे-दागिन्यांच्या यादीत आता 'स्माइल मेकओव्हर'ही असतो. मोबाइलवरच्या रील्समध्ये पिवळसर, फटी असलेले दात काही सेकंदांत पांढरेशुभ्र होतात. प्रत्यक्षात या उपचाराला अनेक दिवस लागतात आणि बहुतेक वेळा तो कायमचा असतो. सावंतवाडी तालुक्यातील आरोंद्यासारख्या तेरेखोल खाडीकाठच्या गावातून सावंतवाडीला किंवा किरणपाणीचा पूल ओलांडून गोव्यात जाऊन तो करून घ्यायचा, तर फेऱ्यांचा हिशेबही आधीच मांडावा लागतो.

व्हिनीअर म्हणजे काय?

व्हिनीअर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर चिकटवलेला पातळ पापुद्रा. कॅप पूर्ण दात झाकते, व्हिनीअर मात्र समोरचा भाग झाकते. हॉलिवूडमधील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कलाकारांच्या दातांवर असे पापुद्रे बसवले. पण ते तात्पुरते होते, चित्रीकरण संपले की काढले जात. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी आम्लाने इनॅमल खरखरीत करून त्यावर प्लास्टिकसारखा पदार्थ घट्ट चिकटवता येतो, हे दाखवले. १९८० च्या दशकात पोर्सेलिनही याच तत्त्वावर चिकटवता येऊ लागले आणि आजचे टिकाऊ व्हिनीअर शक्य झाले.

पोर्सेलिन की कंपोझिट?

पोर्सेलिनचे व्हिनीअर प्रयोगशाळेत तयार होते. त्यावर चहा-कॉफीचे डाग सहसा चढत नाहीत आणि नीट काळजी घेतली तर ते साधारण १० ते १५ वर्षे टिकते. कंपोझिट दंतवैद्य खुर्चीतच दातावर थर देऊन घडवतात. ते अनेकदा एकाच भेटीत होते, स्वस्त पडते आणि टवका उडाला तर दुरुस्त करता येते. मात्र ते काही वर्षांतच डागाळते, झिजते. दर प्रति दात सांगितला जातो. हसताना वरचे सहा ते आठ दात दिसतात, त्यामुळे एका दाताचा दर ऐकून अंदाज बांधू नये.

दात घासावाच लागतो का?

पोर्सेलिनसाठी बहुतेक वेळा होय. पापुद्र्याला जागा मिळावी म्हणून समोरचे इनॅमल साधारण अर्धा मिलिमीटर घासले जाते. इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ, पण तो बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे गेलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. पुढे व्हिनीअर निघाले किंवा जुने झाले, तर नवे बसवावेच लागते. वयाच्या पंचविशीत घेतलेला हा निर्णय आयुष्यात दोन-तीनदा खर्च मागू शकतो.

इनॅमलवरची पकड आतल्या डेंटिनवरच्या पकडीपेक्षा जास्त भरवशाची असते. म्हणूनच 'जास्त घासू, जास्त सुंदर दिसेल' हे गणित चुकीचे आहे.

किती फेऱ्या होतात?

पोर्सेलिनसाठी किमान दोन-तीन. पहिल्या भेटीत तपासणी, एक्स-रे आणि फोटो होतात. कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर आधी त्यावर उपचार. दुसऱ्या भेटीत गरजेनुसार भूल देऊन दात घासतात, माप घेतात आणि तात्पुरते व्हिनीअर लावतात. प्रयोगशाळेतून काम येईपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. या काळात थंड-गरम झोंबते, तात्पुरते व्हिनीअर निघूही शकते. शेवटच्या भेटीत रंग आणि ठेवण पाहून ते कायमचे चिकटवले जाते.

गणपतीच्या आठ दिवसांच्या रजेत गावी आलेल्या चाकरमान्याने हे काम घाईने उरकू नये. लग्नासाठी करायचे असेल तर किमान दोन महिने आधी सुरुवात करावी. बाकीचे दात ब्लीचिंगने उजळायचे असतील तर ते आधी करावे आणि नंतर सुमारे दोन आठवडे थांबावे, कारण ब्लीचिंगनंतर लगेच पकड कमी बसते. शिवाय व्हिनीअरचा रंग नंतर ब्लीचिंगने बदलत नाही.

कोणी टाळावे?

झोपेत दात खाणाऱ्यांचे व्हिनीअर तडकू शकते. बसवलेच तर रात्री नाईट गार्ड लावावे लागते. मिश्री, तंबाखू, सुपारीची सवय असेल तर आधी ती सोडवणे गरजेचे, कारण हिरड्या खराब झाल्या की व्हिनीअरची कड उघडी पडते. वाढत्या वयातील मुलांमध्येही हा उपचार सहसा केला जात नाही.

दात फक्त पिवळे असतील तर स्केलिंग किंवा ब्लीचिंग पुरू शकते. वाकडे असतील तर तारा किंवा अलाइनर हा इनॅमल वाचवणारा मार्ग आहे.

नंतर काय पाळायचे?

रोज दोनदा ब्रश, फ्लॉस आणि सहा महिन्यांनी तपासणी. व्हिनीअर किडत नाही, पण त्याच्या कडेचा दात किडतो. कुर्ल्यांचे डेंगे पुढच्या दातांनी फोडणे, मासेमारीची दोरी किंवा बाटलीचे झाकण दातांनी काढणे बंद.

कुठे आणि काय विचारावे?

ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घरी येऊन व्हिनीअर बसवून घेऊ नये. परवाना नसलेल्या अशा 'व्हिनीअर टेक'बद्दल अमेरिकन डेंटल असोसिएशननेही इशारा दिला आहे. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्रात महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे, गोव्यात गोवा राज्य दंत परिषदेकडे असते. शंका असेल तर दुसरे मत घ्यावे. गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. परराज्यातील रुग्णांसाठीचे शुल्क आणि नियम तिथे आधीच विचारून घ्यावेत.

दात घासण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा :

१. माझ्या दातांसाठी कमी घासण्याचा दुसरा पर्याय आहे का?
२. नेमके किती दात आणि किती घासणार?
३. अंतिम आकार आधी तात्पुरता लावून दाखवाल का?
४. तात्पुरते किंवा कायमचे व्हिनीअर निघाले तर कोण बसवणार, किती खर्च?
५. साहित्य, दर आणि हमी बिलावर लिहून मिळेल का?

उत्तरे टाळली जात असतील किंवा 'आजच करून टाकू' असा आग्रह होत असेल, तर उठून घरी यावे. दात घासणे पुढच्या आठवड्यातही करता येते, पण एकदा घासलेला दात पूर्ववत होत नाही.