कामगंधाद्वारे गुलाबी बोंडअळीचे नियंत्रण : सापळा आणि मीलन-व्यत्यय

प्रस्तावना :
विदर्भातील कापूस उत्पादकांसाठी २०१७ चा हंगाम दुहेरी संकटाचा ठरला. गुलाबी बोंडअळीने बीटी कापसावर मोठे आक्रमण केले आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ही अळी अंड्यातून निघताच अल्पावधीत बोंडात शिरते. त्यानंतरची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अळीचा जन्मच टाळणाऱ्या पद्धतीचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

कामगंध म्हणजे काय?
मीलनासाठी पतंगाची मादी विशिष्ट गंध हवेत सोडते व नर त्याच्या मागाने येतो. यालाच कामगंध म्हणतात. १९५९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनान्ट यांनी सुमारे ५ लाख रेशीम-पतंगांच्या माद्यांपासून पहिला कामगंध वेगळा केला. गुलाबी बोंडअळीचा 'गॉसिप्ल्युअर' हा कामगंध १९७३ मध्ये ओळखला गेला. या गंधाला त्याच जातीचे नर प्रतिसाद देतात. त्यामुळे मधमाश्या व मित्रकीटक सुरक्षित राहतात.

सापळा व मीलन-व्यत्यय यांतील फरक :
सापळ्यातील गोळी नरास एका ठिकाणी बोलावते. त्याचा मुख्य उपयोग सर्वेक्षणासाठी आहे. सलग तीन रात्री प्रतिसापळा सरासरी ८ पतंग आढळल्यास उपाय योजावेत, अशी शिफारस आहे. मीलन-व्यत्ययात मात्र कामगंध भरलेल्या नळ्या वा मलम शेतभर झाडांवर लावतात. सर्वत्र गंध दरवळल्याने नराला खरी मादी सापडत नाही. मीलन न झालेल्या मादीची अंडी फलित होत नाहीत व पुढची पिढी घटते.

मर्यादा :
१) बाहेर मीलन झालेली मादी उडत शेतात आल्यास गंधाचा उपयोग होत नाही. म्हणून एकट्याने एक-दोन एकरांत हा प्रयोग करण्यापेक्षा शेजारच्या सर्वांनी मिळून करणे आवश्यक आहे.
२) पतंगांची संख्या वाढल्यावर नर-मादी जवळच असल्याने सहज भेटतात, म्हणून पात्या लागण्याच्या सुमारासच सुरुवात करावी.
३) तुडतुडे, पांढरी माशी यांवर या गंधाचा परिणाम नाही.

फरदड न घेणे, पऱ्हाटी नष्ट करणे व जिनिंग परिसरात सापळे लावणे ही कामेही सोबत हवीत. अमेरिकेने २०१८ मध्ये कापूस क्षेत्रातून या किडीचे उच्चाटन जाहीर केले, तेही बीटी कापूस, वंध्य पतंग, मीलन-व्यत्यय व पऱ्हाटीचा नाश यांच्या एकत्रित वापरातून.

लहान क्षेत्रासाठी :
हाच विचार इतर पिकांनाही लागू पडतो. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोपासारख्या गावी वांग्याचा लहानसा तुकडा असेल, तर शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी मीलन-व्यत्ययापेक्षा सापळे लावणे व किडके शेंडे खुडून नष्ट करणे अधिक व्यवहार्य ठरते.

निष्कर्ष :
मीलन-व्यत्यय हे विषाला पर्याय देणारे तंत्र आहे. परंतु पतंगाला बांध कळत नाही. त्यामुळे त्याचे यश नळीतील रसायनाइतकेच गावाच्या एकजुटीवर अवलंबून आहे. कृषी विस्तार कार्यात एका शेतकऱ्याऐवजी संपूर्ण शिवार हा घटक धरला, तरच ही पद्धत अल्पभूधारकाच्या उपयोगी पडेल.