घरच्या टोमॅटोवरील करपा आणि प्रतिबंधक फवारणी

जबलपूरमध्ये गच्चीवर किंवा अंगणात टोमॅटो लावायचा, तर बहुतेक घरी पाऊस ओसरू लागला की रोपे कुंडीत जातात आणि थंडीभर फळे मिळतात. या काळात झाडाला दोन वेगवेगळे करपे गाठतात. पहिला लवकर येणारा करपा. तो आल्टरनेरिया सोलानी या बुरशीमुळे होतो. जमिनीलगतच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग पडतात आणि त्यांत नेमबाजीच्या फळ्यावर असतात तशी एकात एक वर्तुळे दिसतात. त्याला उबदार आणि दमट हवा मानवते. दुसरा उशिरा येणारा करपा, फायटोप्थोरा इन्फेस्टन्समुळे होणारा. डिसेंबर-जानेवारीत मावठ्याचे ढग दोन-तीन दिवस हटले नाहीत की याची भीती. पानावर पाण्याने भिजल्यासारखे काळपट चट्टे पडतात, दमट सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते आणि आठवड्याभरात झाड उकडल्यासारखे होते. 1845 मध्ये आयर्लंडमधले बटाट्याचे पीक याच रोगकारकाने बुडवले होते.

आता मुख्य मुद्दा पाहू. बुरशीचा बीजाणू पानावर पडला म्हणजे लगेच रोग होत नाही. त्याला रुजायला पानावर काही तास पाणी टिकावे लागते. पाऊस, दव किंवा तुम्ही वरून घातलेले पाणी, कोणतेही चालते. रुजलेला तंतू पानात शिरला की तो आतल्या पेशींवर जगतो. ताम्रयुक्त औषधे आणि मॅन्कोझेब ही स्पर्शजन्य बुरशीनाशके आहेत, म्हणजे ती पानाच्या पृष्ठभागावरच राहतात. थरातून तांब्याचे आयन हळूहळू सुटतात, बीजाणू ते शोषून घेतो आणि त्याची विकरे निकामी होतात. आत शिरलेल्या तंतूपर्यंत मात्र हा थर पोहोचत नाही. म्हणून डाग दिसल्यावर मारलेली फवारणी त्या पानाला वाचवत नाही, फक्त शेजारच्या निरोगी पानांना वाचवते. फवारणीची वेळ डागावरून नव्हे, आभाळावरून ठरवायची. ढग भरून यायच्या आधी फवारा, आणि पाने कोरडी होण्याइतका वेळ मिळेल असे बघा.

बोर्डो मिश्रणाचा शोधही असाच, रोगाशी संबंध नसलेल्या कारणातून लागला. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना किळस यावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. 1882 मध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की त्याच वेली केवड्यापासून बचावल्या आहेत. 1885 मध्ये त्याने हे मिश्रण प्रसिद्ध केले.

एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. चार-सहा कुंड्यांसाठी 2 लिटर पुरे, म्हणजे प्रत्येकी 20 ग्रॅम. रोपे कोवळी असतील तर दोन्ही निम्मे घ्या. जबलपूरच्या बाजारात मोरचूद ‘नीला थोथा’ म्हणून मागावा लागतो. प्लास्टिकच्या एका बादलीत 1 लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा, दुसरीत 1 लिटर पाण्यात चुना विझवून निवळी न काढता दूध करा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या दुधात ढवळत ढवळत ओता आणि फडक्याने गाळा. लोखंडी बादली घेऊ नका. याचे कारण पुढच्या चाचणीतच आहे: स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात मिनिटभर बुडवा. सुरीवर तांबूस थर आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे. लोखंड तांब्याला विस्थापित करते, ही अभिक्रिया तुम्ही शाळेत केली आहे. हेच मोकळे तांबे पाने जाळते, म्हणून थर येईनासा होईपर्यंत चुन्याचे दूध थोडे थोडे वाढवा. मिश्रण त्याच दिवशी वापरा. ठेवलेल्या मिश्रणातले कण मोठे होतात आणि पानाला नीट चिकटत नाहीत.

चुना विझताना खूप तापतो आणि मोरचूद पोटात गेल्यास विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, मुले जवळ नकोत. एवढी खटपट नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के भुकटी लिटरला 2.5 ग्रॅम घ्या. घरच्या चार झाडांना मी हेच सुचवेन.

फवारताना पानांची खालची बाजू विसरली जाते. पिकलेली फळे आधी तोडून घ्या. नंतर तोडायला किती दिवस थांबायचे ते पाकिटावर लिहिलेले असते, आणि खाण्याआधी फळ धुवायचेच. जोराचा पाऊस थर धुऊन नेतो आणि नवी पाने थराविना उगवतात, म्हणून दमट काळात 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फवारा. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर काहीच मारू नका.

औषधाच्या निवडीत एक गफलत नेहमी होते. फायटोप्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही. त्याच्या पेशीभित्तिका मुख्यतः कायटिनच्या नसतात, त्यांत सेल्युलोज असते. कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही. आल्टरनेरियावरही त्याचा भरवसा नाही. पाने वळून आखडली असतील तर तो बहुधा पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो, आणि फळाच्या बुडाशी काळा खोलगट डाग हा कॅल्शियम कमी पोहोचल्याचा परिणाम. या दोन्हींवर बुरशीनाशक फुकट जाते. अशा वेळी अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात पानाचा नमुना दाखवून मगच औषध घेणे स्वस्त पडते.

पाणी बुंध्याशी घाला, तेही सकाळी. खालची फूटभर पाने काढा, झाडाला काठी द्या, मातीवर वाळलेले गवत पसरा. पावसाच्या थेंबाबरोबर मातीतले बीजाणू उडून खालच्या पानांवर बसतात, ते त्याने अडते. ट्रायकोडर्मा मातीत द्यायचा असेल तर तो बोर्डोत मिसळू नका, कारण तोही बुरशीच आहे. शिवाय तांबे मातीत विघटित होत नाही. कुंडीत ते वर्षानुवर्षे साठते आणि गांडुळांना बाधते. म्हणून हंगामात तीन-चार फवारण्यांवर थांबा, आणि पुढच्या वर्षी त्या कुंडीत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा न लावता मेथी-पालक घ्या.