चित्रकाराने रचलेली टेकडी

1859 साली न्यूयॉर्कमध्ये एक चित्र पाहायला लोक पंचवीस सेंट मोजून रांगा लावत होते. चित्राचं नाव ‘हार्ट ऑफ द अँडीज’, चित्रकार फ्रेडरिक चर्च. तीन मीटर रुंदीचं हे निसर्गचित्र अंधाऱ्या दालनात मांडलं होतं. त्याची भलीमोठी लाकडी चौकट खिडकीसारखी होती आणि दोन्ही बाजूंना पडदे सोडले होते. प्रेक्षक हातात छोट्या दुर्बिणी घेऊन त्यातलं एकेक पान न्याहाळत. तीन आठवड्यांत 12,000 हून अधिक लोक येऊन गेले.

चित्राची खिडकी करणाऱ्या या माणसाने पुढे घर बांधलं, तेव्हा खिडक्यांची चित्रं केली.

हे घर म्हणजे ‘ओलाना’. न्यूयॉर्क शहराच्या बऱ्याच उत्तरेला, हडसन नदीच्या पूर्व तीरावरच्या टेकडीवर ते आजही उभं आहे. नदीपलीकडच्या कॅट्सकिल गावात चर्च तरुणपणी टॉमस कोल या चित्रकाराकडे शिकला होता, त्यामुळे हा मुलूख त्याच्या पायाखालचा होता. 1860 मध्ये त्याने इथे शेतजमीन घेतली. टेकडीचा माथा मिळायला मात्र 1867 उजाडलं. त्यानंतर तो कुटुंबासह बैरूत, दमास्कस, जेरुसलेम असा फिरून आला आणि डोक्यात तिथल्या कमानी, रंगीत फरश्या, नक्षी घेऊनच कामाला लागला. 1870 ते 1872 या काळात घर उभं राहिलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा एक रचनाकार कॅल्व्हर्ट व्हॉक्स हा वास्तुविशारद मदतीला होता, पण रेखाटनांचा ढीग चर्चने स्वतःच्या हाताने पाडला.

खरी कारागिरी घराबाहेर सुरू होते. निसर्गचित्रात जवळचं, मधलं आणि दूरचं असे तीन थर बसवावे लागतात. चर्चने तेच जमिनीवर केलं. जवळ उतरता हिरवा माळ ठेवला. मधल्या थरात पाणी हवं होतं, म्हणून दलदलीची जागा खोदून तळं केलं. ते अशा ठिकाणी आहे, की वरून पाहताना त्याच्यापलीकडे हडसनचं रुंद वळण येतं आणि त्यामागे कॅट्सकिलचे डोंगर. उघड्या उतारांवर हजारो झाडं लावली. घोडागाडीचे सुमारे आठ किलोमीटर रस्ते आखले. ते सरळ माथ्यावर नेत नाहीत. झाडीत शिरतात, मध्येच नदीची एक झलक दाखवतात, पुन्हा झाकतात.

घरातही तोच डोळा. बैठकीच्या खोलीत चर्चने 1874 मध्ये रंगवलेलं पेट्रा या प्राचीन नगरीचं चित्र आहे: दोन काळोख्या कड्यांच्या फटीतून उजळलेली गुलाबी वास्तू. खोलीचे रंग या चित्राशी जुळवून घेतले आहेत. एका खिडकीत तर पिवळसर काचेला कागद कातरून केलेली नक्षी लावली आहे. खर्च नगण्य, पण आत येणारा उजेड पार बदलतो. संधिवाताने उजवा हात आखडत गेला, तसा चर्च या टेकडीतच अधिकाधिक रमला.

चित्रासारखी जमीन रचण्याची ही परंपरा चर्चच्या आधीची आहे. अठराव्या शतकात हेन्री होर या इंग्रज बँकरने स्टावरहेड इथे बांध घालून तलाव केला आणि काठाने देवळं उभारली, ती क्लोद लोरँच्या चित्रांतल्या इटलीच्या ओढीने. पुढे हंफ्री रेप्टन हा उद्यानरचनाकार गिऱ्हाइकाला जलरंगातलं चित्र द्यायचा. त्यावरची कागदी झडप उचलली, की आजच्या माळाच्या जागी उद्याची बाग दिसे. 1858 मध्ये व्हॉक्स आणि त्याचा भागीदार ओल्मस्टेड यांनी सेंट्रल पार्कच्या स्पर्धेसाठी असेच ‘आधी’ आणि ‘नंतर’चे देखावे दिले होते.

आजच्या आराखड्यांत नेमका हा डोळ्यांसमोरचा देखावाच निसटतो. नकाशा आकाशातून पाहिल्यासारखा काढतात. राहणारा माणूस मात्र जमिनीवरून चालत येतो. कुठे थांबल्यावर काय दिसावं आणि काय दिसू नये, हा प्रश्न चित्रकार पहिल्या रेघेआधी सोडवतो. वास्तुविशारदाने तो पायऱ्या आणि पार्किंग ठरवण्याआधी सोडवला, तर जागेचं सोनं होईल.

ओलानाचा देखावा एकदा सरकारदरबारीही तोलला गेला. 1966 मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही मालमत्ता विकत घेऊन वाचवली होती. पण सत्तरच्या दशकात नदीपलीकडे, नेमक्या त्या दृश्यात, अणुवीज प्रकल्प आणायचं घाटत होतं. 1979 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या तज्ज्ञांनी परवाना देऊ नये अशी शिफारस केली. ओलानावरून दिसणाऱ्या देखाव्याची हानी हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. प्रकल्प बारगळला. समोरच्या जमिनी राखण्यासाठी संस्था आजही झटत आहेत, कारण चर्चच्या रचनेतला तिसरा थर त्याच्या मालकीचा कधीच नव्हता.