नळीतलं शेपूट

मे महिन्यात अमरावतीच्या कुठल्याही वस्तीत दुपारी एक चक्कर टाकावी. हॉलमध्ये कूलर फुल्ल, पडदे ओढलेले, भिंतीवर दत्ताची तसबीर आणि तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री. त्याच घराच्या स्लॅबवर पाण्याच्या टाकीला साखळीनं बांधलेलं एक तांबूस कुत्रं असतं. टाकीची सावली सरकेल तसं तेही सरकत राहतं. विचारलं तर उत्तर तयार असतं : “गावठी आहे जी. त्याले काय होते?”

होतं, आणि बरंच होतं. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ पंजांच्या गादीपुरताच येतो, बाकी सगळी भिस्त जीभ काढून धापण्यावर. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. ते 41 च्या वर गेलं की उष्माघात जिवावर बेतू शकतो. गावठी कुत्र्याला आखूड केसांचा आणि सडपातळ अंगाचा फायदा मिळतो, हे खरं. पण अकोल्याचा 45 अंशांचा उन्हाळा ते रस्त्यावर काढतं ते मुख्यतः पाय मोकळे असतात म्हणून. सकाळी नालीतल्या ओल्या मातीत, दुपारी उभ्या ट्रकखाली, संध्याकाळी रसवंतीसमोर सांडलेल्या पाण्यात, असं ते दिवसभर जागा बदलतं. साखळी नेमकी तीच सोय हिरावून घेते. म्हणजे रस्त्यावरून ‘वाचवून’ आणलेलं कुत्रं स्लॅबवर रस्त्यापेक्षा जास्त हाल सोसतं. (फिरायला नेण्याआधी डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहा. हात टिकला नाही तर पंजाही टिकणार नाही.)

दुसरा गैरसमज आपल्या म्हणीनंच पोसला आहे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तेव्हा मोठं कुत्रं काही शिकत नाही, पिल्लूच आणावं. शेपटापुरती म्हण बरोबर आहे. गावठी कुत्र्याचं शेपूट निसर्गतःच वळलेलं असतं, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. शिकण्याची गोष्ट वेगळी. 2019 मध्ये उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरचं एक कुत्रं शिकवून आपल्या श्वानपथकात घेतलं. आपल्याला एवढं नकोच असतं. मोरीत घाण करू नये आणि पाहुण्यांवर धावून जाऊ नये, इतकं मोठं कुत्रंही शिकतं. शिवाय त्याचा स्वभाव आणताना दिसलेला असतो. पिल्लाचा स्वभाव म्हणजे बंद पाकीट, आणि त्यासोबत रात्रीचं रडणं, चपला कुरतडणं आणि पार्व्होची टांगती भीती. रक्ताचे जुलाब आणि उलट्या घडवणारा हा विषाणू लस न झालेल्या पिल्लाला काही दिवसांत संपवतो. सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लसी आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, हे वेळापत्रक पाळणं जमणार असेल तरच पिल्लू आणावं.

मोठं कुत्रं घरी आलं की पहिले तीन दिवस ते दिवाणाखाली बसतं, खात नाही, कुठंतरी कोपऱ्यात मुततं. “याले आपलं घर पटलं नाही वाटते,” असं म्हणत लोक चौथ्या दिवशी ते परत सोडून येतात. या कामातली मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात : भीती ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि हे आपलंच घर असं वाटायला तीन महिने. हा अंदाज आहे, पंचांग नव्हे. पण चौथ्या दिवशी निकाल लावणाऱ्यांनी तो ऐकायला हरकत नाही. सोडून येणं हा नुसता निष्ठुरपणाही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे.

आणखी एक म्हण : भुंकणारं कुत्रं चावत नाही. खुशाल चावतं. भुंकणं, गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ एवढी सूचना असते. गुरगुरल्याबद्दल मारलं की ते सूचना देणं सोडतं, चावणं सोडत नाही. शेपूट हलतंय म्हणजे लाडात आलंय, हाही घाईचा निष्कर्ष. अंग सैल असेल तर ठीक. अंग ताठ आणि शेपूट उंच, कडक हलत असेल तर लेकराला मागं घ्या.

चावलंच तर काय करायचं, याबाबत आपल्याकडे अजून हळद-तिखट-चुन्याचं राज्य आहे. जखमेत यातलं काहीही भरू नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातली चौदा इंजेक्शनं दोन दशकांपूर्वीच इतिहासजमा झाली. आता दंडात ठरावीक दिवशी मोजके डोस देतात, तेही सरकारी दवाखान्यात मोफत. कुत्रं धडधाकट दिसतंय म्हणून थांबू नये, कारण लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच लाळेत रेबीजचा विषाणू असू शकतो. आणि दत्तक घेतलेल्या कुत्र्याला आज लस टोचली म्हणजे आजच संरक्षण मिळालं असं होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. एरवी रेबीजची भीती हे दत्तक न घेण्याचं कारण ठरू नये. वर्षाला एक लस घेतलेलं घरातलं कुत्रं लस नसलेल्या गल्लीतल्या कुत्र्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. गोव्यानं वर्षानुवर्षं कुत्र्यांना सामूहिक लसी टोचून माणसांमधला रेबीज जवळजवळ थांबवला, तो याच वाटेनं.

खरूज झालेल्या कुत्र्यावर जळकं ऑइल ओतणारे हात दयाळूच असतात, दुर्दैवानं. ऑइल कातडीतून आणि चाटण्यातून अंगात जातं, खरजेचा किडा मात्र आत सुखरूप राहतो. खरूज औषधानं बरी होते. अकोल्यात तर मूर्तिजापूर रोडला माफसू विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाच आहे, गॅरेजमध्ये जायची गरज नाही.

खाण्याबाबत थोडक्यात सांगतो. ‘उरलंसुरलं खाईल’ हे वऱ्हाडी स्वयंपाकात धोक्याचं आहे, कारण आपल्या रश्शात आणि झुणक्यात कांदा ठासून असतो आणि कांदा-लसूण कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतो. मनुके आणि चॉकलेटही वर्ज्य. दूध पुष्कळांना पचत नाही. फोडणीआधीचं वरण, ज्वारीची भाकर, उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन चालतं.

मादी नको, हा हट्ट मला सगळ्यात खटकतो. पिल्लांमधले नर आधी जातात, माद्या खोक्यात उरतात, कारण “पुढं पिल्लं कोण सांभाळन?” एका शस्त्रक्रियेनं हा प्रश्न संपतो. ‘एकदा तरी आई होऊ द्यावी’ यालाही वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर पुढं स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो.

मात्र रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं बेघर असतं, हाही गैरसमजच. कानाचं टोक व्ही आकारात कापलेलं दिसलं तर ते भांडणातलं नव्हे. नसबंदी आणि लस झाल्याची ती खूण आहे. चहाच्या टपरीपाशी पाच-सहा वर्षं रमलेल्या अशा कुत्र्याला फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे उपकारच असतो असं नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदीनंतर कुत्रं त्याच्याच जागी परत सोडायचं असतं. घर हवं असतं ते आईवेगळ्या पिल्लांना, अपघातात पाय गेलेल्यांना, आणि कुणीतरी पाळून मग रस्त्यावर टाकलेल्यांना. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं महापालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली आणि सोबत अटही घातली : ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

ही जबाबदारी बारा-चौदा वर्षांची असते. दिवाळीच्या आठवड्यात आणू नका, फटाक्यांनी बिचारं पहिल्याच रात्री पळेल. शनिवारी सकाळी आणा, म्हणजे दोन दिवस घरात माणूस राहील. गेट लावलेलं असू द्या, गळ्याऐवजी छातीवरचा पट्टा घ्या, नावानं हाका मारून भंडावू नका. कूलर सुरू केला की त्या घरघरीनं ते आधी दचकेल आणि लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. बसू द्या. आठवड्याभरात कूलरसमोरची जागा त्याची झालेली असेल आणि सरकायला तुम्हालाच लागेल.