विश्लेषण : मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर परदेशवारीची तयारी कशी करावी?

जुलै २०१६. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नताशा एडनान-लापरूझ या १५ वर्षांच्या मुलीने एक सँडविच घेतले. तिला तिळाची अ‍ॅलर्जी होती. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता, पण पावाच्या पिठातच तीळ होते. फ्रान्समधील नीसला जाणाऱ्या विमानात तिला तीव्र रिअ‍ॅक्शन आली. वडिलांनी अ‍ॅड्रिनलिनची दोन इंजेक्शने दिली, तरीही ती वाचली नाही. शेंगदाणा, दूध, अंडे किंवा काजूची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला घेऊन परदेशी जाताना काय पाहावे, याचा हा आढावा.

लेबलचे नियम सगळीकडे सारखेच असतात का?

नाही. युरोपीय महासंघ आणि ब्रिटनमध्ये १४ अ‍ॅलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक अक्षरांत दाखवावे लागतात. त्यात शेंगदाण्यासोबत तीळ आणि मोहरीही येते. नताशाच्या मृत्यूनंतर ब्रिटनमध्ये ‘नताशाज लॉ’ आला. १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी सक्तीची आहे. अमेरिकेच्या यादीत ९ घटक असून तीळ १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक झाला. भारतातील एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांत शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन आहेत, पण तीळ आणि मोहरी नाही. त्यामुळे घरून नेलेल्या पाकिटावर तिळाची सूचना नाही, म्हणजे त्यात तीळ नाही असे समजू नये. अशा वेळी घटकांची पूर्ण यादी वाचावी.

‘व्हेज’ जेवण मागवले की काम झाले?

इथेच अनेक पालक फसतात. विमानातील ‘हिंदू व्हेज’ किंवा जैन जेवणात मांस नसते, पण ग्रेव्हीत काजूची पेस्ट असू शकते. तिकीट काढतानाच विमान कंपनीला अ‍ॅलर्जी कळवावी. मात्र शेजारच्या प्रवाशाने खारे दाणे उघडले तर कंपनी हमी घेत नाही. आसन आणि ट्रे स्वतः पुसून घ्यावे आणि मुलाचा डबा सोबत ठेवावा.

टूर कंपनीसोबत जाणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. सोबत महाराज असले, की आपण निर्धास्त होतो. पण शेंगदाण्याचा कूट आपल्या स्वयंपाकात कुठेही असतो. कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात. बसमध्ये प्रेमाने पुढे केला जाणारा चिवडा आणि चिक्की वेगळीच. पहिल्याच दिवशी टूर मॅनेजर, महाराज आणि सहप्रवाशांना सांगून टाकावे. संकोच करू नये.

हॉटेलात काय विचारावे?

थायलंडमध्ये पॅड थाय आणि मस्समान करीत, तर सिंगापूर-मलेशियात सातेच्या चटणीत आणि रोजाकमध्ये शेंगदाणा असतो. स्थानिक भाषेत छापलेले कार्ड जवळ ठेवावे : ‘माझ्या मुलाला शेंगदाणा खाल्ल्यास जीवाला धोका आहे. त्याच कढईत, त्याच तेलात बनवलेलेही चालत नाही.’ थाई भाषेत शेंगदाण्याला ‘थुआ लिसोंग’, मलयमध्ये ‘काचांग ताना’, जर्मनमध्ये ‘एर्डनुस’ म्हणतात. कार्ड वेटरला न दाखवता थेट आचाऱ्यापर्यंत पोहोचवावे. नीट उत्तर मिळाले नाही तर उठावे.

औषधे कशी न्यावीत?

चेहरा सुजणे, अंगावर गांधी उठणे, उलट्या, घरघर, आवाज बसणे, भोवळ ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणे आहेत. अशा वेळी पहिले औषध अ‍ॅड्रिनलिनच. अ‍ॅलर्जीचे सिरप खाज कमी करते, बंद होणारा श्वास उघडत नाही. पेनसारखे तयार इंजेक्शन भारतात सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून कोणत्या स्वरूपात आणि किती डोस न्यायचा हे ठरवावे आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसे द्यायचे हे शिकून घ्यावे. किमान दोन डोस हातातील बॅगेत ठेवावेत, चेक-इन सामानात कधीही नाही. सोबत इंग्रजीतील प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांचे पत्र हवे. प्रवास विमा घेताना अ‍ॅलर्जी लपवू नये.

घरचे खाणे नेता येते का?

सुका खाऊ बहुतेक ठिकाणी चालतो. पण युरोपीय महासंघात बाहेरून दूध व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणजे पेढे-बर्फी घरीच. बाळाची दूध पावडर आणि वैद्यकीय कारणासाठी लागणाऱ्या विशेष अन्नाला मर्यादित सवलत आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करणे बंधनकारक आहे.

रिअ‍ॅक्शन आलीच तर?

आधी इंजेक्शन, मग फोन. रुग्णवाहिकेसाठी युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, सिंगापूरमध्ये ९९५, थायलंडमध्ये १६६९, तर संयुक्त अरब अमिरातीत ९९८. मुलाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये, चालवू नये. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस द्यावा. मूल सावरले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.

हे क्रमांक आजच फोनमध्ये सेव्ह करा. आणि मूल बोलण्याइतके मोठे असेल, तर ‘आईला विचारल्याशिवाय खाणार नाही’ हे एक वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्या.