तिकीट कोण देतं?

निवडणूक जवळ आली की गटाच्या बैठकीत हमखास ऐकू येतं, "आपल्याला पक्षाशी काय करायचंय? माणूस बघून मत द्यायचं." ग्रामपंचायतीपुरतं हे ठीक आहे, कारण ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पण पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभेला मशीनवर पक्षाची चिन्हं असतात. तिथं आपलं मत माणसाबरोबर पक्षालाही जातं.

पक्ष लागतो कशाला? एकटीनं पाणी मागितलं तर कोणी ऐकत नाही. गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी मागणी वर गेली की तिला वजन येतं. पक्षाचं कामही असंच. गावोगावच्या मागण्या गोळा करायच्या, जाहीरनामा करायचा, उमेदवार द्यायचे. विधानसभेत २८८ जागा आहेत. बहुमताला १४५ लागतात. सगळेच सुटे सुटे निवडून आले, तर जाब कोणाला विचारणार?

चीनमध्ये सत्ता एकाच पक्षाकडे असते. अमेरिकेत मुख्य पक्ष दोन. आपल्याकडे अनेक. १९९५ पासून एकाही विधानसभा निवडणुकीत एका पक्षाला एकट्यानं १४५ जागा मिळालेल्या नाहीत, म्हणून युती किंवा आघाडी करावी लागते. सत्तेबाहेरच्यांनाही काम असतं. बैठकीत हिशेबाची वही मागणारी बाई असली की पैसा नीट राहतो. सरकारकडे ती वही विरोधी पक्ष मागतो.

आणखी एक गोष्ट. सभागृहात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदारकी जाऊ शकते. म्हणजे आमदार कितीही चांगला असो, त्याचा पक्ष काय म्हणतो हे बघावंच लागतं.

आता तिकिटाचं. आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तिथं पक्षाला बाई शोधावीच लागते. विधानसभा आणि लोकसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होईल, असं त्यातच लिहिलं आहे. तोवर बाईला तिकीट द्यायचं की नाही, हे पक्षाच्या मर्जीवर.

म्हणून सभेला गर्दी करायला गटाच्या बाया न्यायला कोणी आलं, तर आधी तीन गोष्टी विचारा. जाहीरनाम्यात आमच्यासाठी काय आहे? मागच्या वेळचं किती झालं? आणि खुल्या जागेवर किती बायांना तिकीट दिलंत? कोणत्याही पक्षाचा माणूस असू दे, प्रश्न हेच. उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी ती वही उघडता येईल.